मिरज–लोंढा मॉडेल रेल्वे: कारखाना निवडण्याआधी साल ठरवा

घरातली छोटी रेल्वे आधी नुसती गोल फिरायची. गाडीला कामधंदा असावा, वाघिणी (मालडबे) कुठे तरी भराव्यात आणि कुठे तरी रिकाम्या व्हाव्यात, हा विचार अमेरिकेत फ्रँक एलिसन यांनी १९४०च्या दशकात जोरात मांडला. मांडणी हा रंगमंच आणि गाड्या ही पात्रं, असं ते म्हणत. तेव्हापासून रूळ टाकायच्या आधी ‘माल कोणाचा?’ हे विचारलं जातं. बेळगावकडची मिरज–लोंढा लाइन करायची तर मात्र त्याच्याही आधी साल ठरवावं लागतं.

सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ची. १८७६–७८च्या दुष्काळात या मुलखात धान्य पोचवताना जे हाल झाले, त्यातून हे मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर) जाळं उभं राहिलं. १८८८ला कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदर जोडलं गेलं आणि लोंढा जंक्शनला वजन आलं. त्याच सुमारास, १८८७ला, घटप्रभेच्या पाण्यावर गोकाकची सूतगिरणी सुरू झाली. गिरणी धबधब्यापाशी, स्टेशन गोकाक रोडला. मॉडेलवाल्याच्या हे पथ्यावरच पडतं: गिरणी बांधायची गरजच नाही, मालधक्क्यावर कापसाच्या गाठी आणि दोन बैलगाड्या ठेवल्या की झालं.

साखर आली १९३९नंतर, उगारला. ऊस बैलगाडीनं आणि ट्रकनं यायचा. रेल्वेच्या वाट्याला साखरेची पोती आणि मळी. शिवाय धंदा हंगामी, त्यामुळे गळीत संपलं की सायडिंग (माल चढवायचा बाजूचा रूळ) ओस. खेळताना हा चढउतार मला फार आवडतो. बेळगावचा इंडालचा (इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा) कारखाना १९६९चा. दिसायला भव्य, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. पण त्याचं कच्चं खनिज, बॉक्साइट, चंदगड भागातून ट्रकनं यायचं. बॉक्साइटच्या वाघिणींची रांग लावलीत तर बेळगावचा कोणीही हसेल. खानापूरची कौलं त्यापेक्षा साधी आणि खरी.

माझं मत विचाराल तर सगळ्यात उत्तम ‘कारखाना’ मिरज स्टेशन. १९७१च्या सुमारास पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, बेळगावची बाजू मीटरगेजच राहिली, आणि पंढरपूर–कुर्डुवाडीची नॅरोगेज होतीच. एकाच आवारात तीन गेज! बेळगावकडून पुण्याकडे जाणारं पोतं हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत. धक्क्याच्या दोन बाजूंना दोन गेजचे रूळ टाकले की सगळ्या जिन्नसांना जागा मिळते. १:८७ प्रमाणात मीटरगेजला १२ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ बरोबर बसतो. आपलं ब्रॉडगेज मात्र बाजारातल्या १६.५ मिलिमीटरवर अरुंदच दिसतं, कारण हिशेबानं ते १९च्या पुढे जातं.

ही चैन दोन गोष्टींनी संपली. १९८०च्या दशकात रेल्वेनं सुट्या वाघिणींची बुकिंग मागे टाकून अख्ख्या रेकवर (एकाच मालाच्या पूर्ण गाडीवर) भर दिला. मग १९९०च्या दशकात मिरज–लोंढाही ब्रॉडगेज झाला आणि मिरजेची ती हमाली थांबली. आजचं साल धरलंत तर देसूरचा तेल डेपो घ्या आणि लोंढ्यावरून हुबळीकडे जाणारे मुरगावच्या कोळशाचे रेक. शंटिंग (वाघिणी जोडणं, सोडणं, हलवणं) हवं असेल तर १९७५ धरा, आणि वायपी–वायजी ही मीटरगेजची वाफेची इंजिनं शोधायला लागा.