पिवळी मारबत निळ्या लाइटात काळी का होते?

मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने नेऊन जाळतात तो पुतळा; एक पिवळी असते, एक काळी. तिच्याकडे येऊच, आधी साधी गोष्ट. निळा आणि पिवळा मिळून हिरवा, हे बालवाडीपासून पाठ असतं, आणि रंगाच्या डबीपुरतं ते खरंही आहे. घोळ होतो तो लाइट लावताना. गणपतीच्या मांडवात कोणीतरी एक निळा आणि एक पिवळा एलईडी पार (रंगीत झोत टाकणारा दिवा) एकाच पांढऱ्या पडद्यावर टाकतं आणि हिरव्याची वाट बघत बसतं. पडदा मात्र पांढुरका होतो. मग लाइटवाल्याला बोलणी: माल डुप्लिकेट आहे. माल ठीक आहे हो. रंगात ‘मिसळणं’ आणि प्रकाशात ‘मिसळणं’ या दोन उलट क्रिया आहेत, आणि मराठीत दोन्हींना शब्द एकच आहे.

शाळेत शिकवतात त्या मूळ रंगांच्या याद्या (रंगाचे लाल-पिवळा-निळा, प्रकाशाचे लाल-हिरवा-निळा) पाठ करून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा नागपुरात इतवारीत किंवा सीताबर्डीवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातून लाल आणि हिरवा जिलेटीन पेपर आणा. सोबत दोन पांढऱ्या टॉर्च, अंधारी खोली आणि चुन्याची भिंत.

एका टॉर्चला लाल कागद बांधा, दुसरीला हिरवा. कागद पातळ असतो, त्यातून पांढरा प्रकाश गळतो, म्हणून दुहेरी घडी करा. दोन्ही गोल भिंतीवर एकमेकांवर आणा. जिथे ते एकत्र येतात तिथे पिवळा दिसतो. नारिंगी दिसला तर लाल टॉर्च थोडी मागे न्या, पोपटी दिसला तर हिरवी. आता एक टॉर्च बंद करा आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून उरलेल्या टॉर्चला बांधा. भिंतीवर जवळजवळ अंधार. झालाच तर मळकट तपकिरी डाग.

कागद तेच, रंग तेच. पहिल्या वेळी भिंतीला लाल मिळाला आणि वरून हिरवाही मिळाला, म्हणजे बेरीज. दुसऱ्या वेळी लाल कागदाने हिरवा आणि निळा अडवला, मग जो लाल पुढे आला तो हिरव्या कागदाने अडवला. वजाबाकी. बशीत रंग कालवता तेव्हा हेच दुसरं चालू असतं. रंगाचा कण स्वतः प्रकाश देत नाही, पडलेल्या प्रकाशातला काही भाग खातो आणि उरलेला परत पाठवतो. दोन रंग कालवले की खाणारी तोंडं दोन झाली. म्हणूनच प्रकाश वाढवत गेलात की पांढऱ्याकडे जाता आणि रंग वाढवत गेलात की चिखलाकडे.

खरी मेख पिवळ्यात आहे. पिवळा रंग ‘पिवळं’ परत पाठवतो असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात हळदीसारखा पिवळा पदार्थ फक्त निळा भाग खातो. लाल, हिरवा आणि मधलं सगळं तो परत पाठवतो, आणि त्या मिश्रणाला आपला डोळा पिवळा म्हणतो. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेतल्या सोडियम दिव्याचा ५८९ नॅनोमीटरचा निखळ पिवळा आणि भिंतीवरचा लाल-हिरव्याचा पिवळा यांतला फरक डोळ्याला कळत नाही. मोबाइलच्या पडद्यावर पिवळं चित्र लावून पाण्याचा बारीक थेंब ठेवा: थेंबातून लाल आणि हिरवे ठिपके दिसतील, पिवळा एकही नाही.

एवढं पटलं की बाकीचं आपोआप सुटतं. पिवळ्या प्रकाशात लाल-हिरवा आहेच, त्यात निळा घातला की तिन्ही जमले, म्हणून पांढरा. घरातला पांढरा एलईडी बहुधा असाच बनतो: आत निळी चिप, वर पिवळा लेप. बंद एलईडीवर तो पिवळा ठिपका उघड दिसतो. बशीत मात्र पिवळा निळं खातो, निळा लाल खातो, आणि दोघांनी सोडलेला हिरवा उरतो. आणि आपल्या पिवळ्या मारबतीवर निव्वळ निळा लाइट मारला तर? तिचा रंग निळंच खातो, परत पाठवायला काही राहत नाही, आणि लाइटवाल्याच्या हातूनच ती काळी मारबत होते. मूर्तीच्या पीतांबराचंही तेच. मूर्तीवर पांढरा लाइट ठेवा. निळा मागच्या पडद्याला पुरे.

इथे कोणीतरी हमखास निळीचं उदाहरण आणतं: पिवळट धोतराला नीळ घातली की पांढरं होतं, म्हणजे रंगातही निळा-पिवळा मिळून पांढरा! नाही. पिवळट कापड थोडा निळा प्रकाश खातं. जांभळटपणाकडे झुकणारी नीळ थोडा पिवळा खाते. सगळीकडून सारखी कपात झाली की कापड किंचित करडं होतं आणि डोळा त्याला पांढरं म्हणतो. हीसुद्धा वजाबाकीच. उजळपणा खरोखर वाढवतात ते साबणाच्या पावडरीतले चमक देणारे पदार्थ. उन्हातलं न दिसणारं अतिनील ते निळ्या उजेडात बदलतात.

शाळेची लाल-पिवळा-निळा ही तिकडी ढोबळ आहे. छपाईची सायन, मॅजेंटा, पिवळा ही नेमकी. सायन लाल खातो, मॅजेंटा हिरवा, पिवळा निळा. म्हणजे प्रकाशाचीच यादी उलटी केलेली. शेंदरी लाल आणि अल्ट्रामरीन कालवून जांभळा मागणाऱ्याला तपकिरी मिळतो, कारण शेंदरीने निळं आधीच खाल्लेलं असतं. तिथे मॅजेंटा किंवा गुलाबीकडे झुकणारा लाल घ्या. स्वच्छ हिरव्याला लेमन यलो आणि थॅलो ब्लू. आधी पिवळा काढा, निळा टोकाटोकाने घाला, तो फार जोरदार असतो.

आणि फ्लेक्स. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला शहरभर निळे बॅनर लागतात, त्यातले कितीतरी जांभळे निघतात. स्क्रीनवरचा निळा हा थेट निळा उजेड असतो. मशीनकडे मात्र सायन आणि मॅजेंटाच. दोन्ही १०० टक्के पडले की जांभळा आलाच. फाइल आधीच सीएमवायकेमध्ये (छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या शायांच्या हिशेबात) करा, सायन १०० ठेवून मॅजेंटा ६५-७० वर आणा. स्क्रीनइतका लखलखीत निळा तरीही येणार नाही, शाईला तो जमतच नाही. प्रूफ व्हॉट्सॲपवर मागवू नका. त्याच मशीनवर, त्याच फ्लेक्सवर वीतभर पट्टी काढून घ्या आणि दुकानाबाहेर उन्हात धरून बघा.