पॅरिश शाळा (गोवा)

गोव्यात पॅरिशच्या (पाद्रीच्या देखरेखीखालील स्थानिक धर्मक्षेत्राच्या) चर्चला जोडून चालणारी कॅथलिक प्राथमिक शाळा. पोर्तुगीज भाषेत ‘एस्कोला पारोकियाल’. धर्मप्रश्नोत्तरी, अक्षरओळख, जुजबी हिशेब आणि पाश्चात्त्य संगीत हा तिचा मूळ शिक्षणक्रम. शिकवणाऱ्यास ‘मेस्त्रे’ म्हणत. मराठीतील ‘मेस्त्री’ हा शब्द याच शब्दापासून आला.

उगम : या शाळांच्या आरंभाविषयी एकमत नाही. एका मताप्रमाणे त्यांची परंपरा थेट गोवा जिंकणारा पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्क याच्यापर्यंत जाते. पोर्तुगालचा राजा मानुएल यास १ एप्रिल १५१२ रोजी लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की कोचीन येथे त्याला मुलांच्या अक्षरओळखीच्या पुस्तकांनी (‘कार्तिन्या’) भरलेली पेटी सापडली. ती पुस्तके पेटीत कुजावीत म्हणून धाडलेली नसणार, असे मानून त्याने एका विवाहित पोर्तुगिजास मुलांना लिहावाचायला शिकवण्याच्या कामी नेमले. शाळेत शंभराच्या आसपास मुले होती. पत्र अस्सल व महत्त्वाचे आहे. परंतु ही शाळा कोचीनची होती, गोव्याची नव्हे आणि ती कोणत्याही पॅरिशला जोडलेली नव्हती. तिला या संस्थेची पूर्वज म्हणता येईल, आरंभ म्हणणे कठीण.

दुसरे साल १५४५. गोमंतकीय संगीताविषयीच्या लेखनात ते वारंवार येते आणि पॅरिश शाळा काढण्याच्या आज्ञेशी जोडले जाते. गव्हर्नर जुआंव द काश्त्रु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गोव्यात पोहोचला, हे लक्षात घेतले तर त्या सालाचा संबंध फार तर आज्ञेशी असेल. गावोगावच्या शाळांशी तो लावता येत नाही. बारदेश व साष्टी हे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात कायमचे आले ते १५४३ मध्ये. फ्रान्सिस्कन व जेझुइट या कॅथलिक मिशनरी संघांपैकी बारदेशात फ्रान्सिस्कनांचे काम १५५५ च्या सुमारास आणि साष्टीत जेझुइटांचे १५६० च्या सुमारास रुजू लागले. गावात चर्च नाही, रहिवासी पाद्री नाही, तेथे पॅरिश शाळा असण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय प्रत्येक पॅरिशमध्ये रविवारी व सणांच्या दिवशी मुलांना धर्मतत्त्वे शिकवावीत, असे ट्रेंट येथील कॅथलिक चर्चच्या सर्वोच्च धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ठरवले आणि त्या परिषदेचे निर्णय गोव्यात लागू करण्याचे काम १५६७ च्या गोव्यातील पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेत झाले. त्यामुळे पद्धत म्हणून पॅरिश शाळा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १५४१ मध्ये स्थापन झालेली व पुढे सेंट पॉल महाविद्यालयात परिणत झालेली सांता फे ही संस्था निराळी. तिचा हेतू देशी तरुणांना पाद्रीपणासाठी तयार करण्याचा होता.

शिक्षणक्रम : केंद्रस्थानी धर्मप्रश्नोत्तरी, म्हणजे कोकणीतील ‘दोतोर्न’. क्रुसाची खूण, प्रार्थना, विश्वासांगीकार, दहा आज्ञा हे सर्व मुले चालीवर म्हणत पाठ करीत. जेझुइट मिशनरी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवीत मुले गोळा करी आणि त्यांना गाऊनच शिकवी; घोकंपट्टीची ही सुरेल रीत पुढे शाळांत टिकली. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याच्या ‘क्रिस्तपुराणा’चा (साष्टीतील राशोल, १६१६) उपोद्घात अशाच दोतोर्नच्या वर्गात घडतो. साष्टीत मुलांची दोतोर्न आटोपल्यावर एक ब्राह्मण उठून म्हणतो, की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर तशा तोडीचे दुसरे काही द्या. त्या मागणीचे उत्तर म्हणून मराठी ओवीतला हा ग्रंथ सांगितला जातो. त्याच लेखकाची कोकणी ‘दौत्रिन क्रिश्तां’ त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये राशोल येथे छापली गेली. एकाच माणसाने शिकवणीसाठी बोलीभाषा आणि पुराणासाठी मराठी वापरली, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी विसरू नये.

संगीत : या शाळेचे खरे वैशिष्ट्य येथे आहे. रविवारच्या मिस्सेला (चर्चमधील मुख्य उपासनेला) व सणासुदीच्या प्रार्थनांना गायकवृंद हवा, म्हणून मुलाला अक्षरांबरोबर ‘सोल्फेज’ शिकवत. आधी स्वर ओळखून आवाजाने म्हणायचे, हाताने ताल धरायचा. स्वरलेखन डोळ्यांना वाचता येऊ लागले, की मगच व्हायोलिन हाती. लॅटिनचा अर्थ कळण्याआधी उच्चार पक्का होई. ईस्टरपूर्व उपवासकाळातील ‘मोतेत’ ही अनेक आवाजांची भक्तिगीते अशाच शिकलेल्या आवाजांवर तोलली जात. कागदावर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवण्याची ही तयारी विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीला लाभली. तेथील मोठ्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक दिसत ते याचमुळे. व्हायोलिनवादक व संयोजक अँथनी गोन्साल्विस (जन्म १९२७) हे माजोर्ड्याचे. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. खेड्यातील मेस्त्रेचे हे ऋण पुरेसे मान्य झालेले नाही.

भाषा : व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने २७ जून १६८४ च्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असे ठरवले व पॅरिशचे पाद्री आणि शाळामास्तर यांच्यावर ती भाषा शिकवण्याची जबाबदारी टाकली. कोकणीच्या ऱ्हासाचा दोष राज्यकर्त्यांच्या व मिशनऱ्यांच्या अशा धोरणांना देणारी मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गोव्यातील पोर्तुगीज अधिकारी व विद्वान कुन्या रिव्हारा याने केली. लिखित कोकणीपुरती ती पटते. बोलीच्या बाबतीत मात्र फर्मानाचा परिणाम मर्यादितच राहिला असावा. कारण १७४५ मध्ये आर्चबिशपला विवाहासाठी पोर्तुगीज येण्याची अट घालावी लागली. साठ वर्षांत शाळा ती भाषा रुजवू शकल्या असत्या, तर या आदेशाची गरज पडली नसती. मुलाची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवण्याचा हा प्रयत्न त्या शिक्षणक्रमातील सर्वांत दुःखद भाग होय.

उत्तरकाळ : १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली, पण पॅरिश स्थानिक पाद्रींकडे गेल्याने शाळा चालू राहिल्या. १८३० नंतर सरकारी प्राथमिक शाळा निघू लागल्या. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले, १९११ मध्ये चर्च व शासन विभक्त झाले आणि पॅरिश शाळेकडे मुख्यतः संगीत व दोतोर्न उरली.

१९६१ नंतरच्या चर्चच्या प्राथमिक शाळा राज्याचा अभ्यासक्रम शिकवतात. कॅथलिक मुलांना दोतोर्न व इतरांना मूल्यशिक्षण अशी विभागणी सामान्यतः असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार अनुदानित शाळेत धर्मशिक्षण संमतीशिवाय देता येत नाही. माध्यमाचा वाद मात्र पुन्हा उभा राहिला. शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांच्या काळात, १९९० मध्ये, अनुदान मातृभाषेतील प्राथमिक शाळांपुरते ठेवण्याचे ठरले आणि चर्चच्या शाळांनी देवनागरी कोकणी स्वीकारली. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमासही अनुदान खुले झाले, बहुतेक शाळा तिकडे वळल्या आणि २०१२ नंतरच्या सरकारनेही ते चालू ठेवले.