पार्किन्सनचं 'नवीन औषध' म्हणजे नेमकं कुठलं? त्रास कमी करणारं की आजार रोखणारं?

सासऱ्यांना कंपवात आहे, त्यामुळे पार्किन्सनवर नवीन औषध आल्याची बातमी कुठेही छापून आली की ती फिरत फिरत माझ्याकडे येतेच. मी आधी एकच बघते, औषध त्रासावर आहे की आजारावर. कारण दोन्हींना 'उपचार' म्हणतात पण दोन्हीकडे संशोधनाचा पैसा अगदी वेगळ्या वाटेने येतो.

लेव्होडोपा हे त्रासावरचं. मेंदूत कमी पडलेलं डोपामाइन ते भरून काढतं (आपल्या खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं), अंगाचा ताठरपणा कमी होतो, हालचाल मोकळी होते, पण डोपामाइन बनवणाऱ्या आतल्या पेशी मरायच्या काही थांबत नाहीत. मग काही वर्षांनी दोन गोळ्यांच्या मधेच परिणाम उतरतो आणि माणूस 'ऑफ' होतो, म्हणजे त्रास परत डोकं वर काढतो. त्यासाठी गोळीसारखी न गिळता श्वासावाटे ओढायची लेव्होडोपा बनवली, इनब्रिजा नावाची. पार्किन्सनच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या मायकल जे. फॉक्स फाउंडेशन या संस्थेने सुरुवातीच्या टप्प्यात अनुदान दिलं, पुढे कंपन्यांनी पैसा लावला आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अशा औषधाचा परिणाम अर्ध्या-एक तासात दिसतो, म्हणून कंपनीला धीर येतो.

आता आजार रोखायचा प्रयत्न बघा. एक्सेनाटाइड, २००५ पासून डायबिटीसवर वापरतात ते इंजेक्शन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने पार्किन्सनच्या ६२ पेशंटवर ट्रायल केली, पैसे पुन्हा फॉक्स फाउंडेशनचेच, २०१७ मध्ये निकाल चांगला आला आणि सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग मोठी ट्रायल झाली, १९४ पेशंट, ९६ आठवडे, बराचसा खर्च ब्रिटनच्या सरकारी निधीतून. २०२५ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. वाचून मला खूप वाईट वाटलं होतं, पण ते पैसे वाया गेले असं मी कधीच म्हणणार नाही, कारण हे कळायला दुसरा रस्ताच नव्हता. जुन्या औषधावर इतकी वर्षं थांबायला कंपनी सहसा तयार होत नाही, तिथे सरकार आणि देणगीदारच लागतात.

आणि खरी अडचण मोजण्याची आहे. बीपी मोजता येतं, साखर मोजता येते, पण पार्किन्सन किती पुढे सरकला हे डॉक्टर अजूनही हात हलवायला लावून, चालायला लावून ठरवतात, त्यात त्या दिवशी गोळी लागू पडलेली असली तर सगळंच बरं दिसतं. म्हणून फॉक्स फाउंडेशनने २०१० मध्ये पीपीएमआय हा अभ्यास सुरू केला, तोही वर्षानुवर्षं लोकांवर लक्ष ठेवणारा, औषध न देणारा. लोक विचारतात, नुसत्या तपासण्यांवर एवढा पैसा कशाला? तर त्यातूनच २०२३ मध्ये दिसलं की पार्किन्सनशी जोडलेलं अल्फा-सायन्युक्लिन नावाचं बिघडलेलं प्रोटीन मणक्यातल्या पाण्यात पकडता येतं. माझ्याकडे द्यायला पैसे असते तर मी इथेच दिले असते. सध्या ही टेस्ट मुख्यतः आहे की नाही एवढंच सांगते, किती आहे ते मोजायचं काम अजून चालू आहे.