मोती कुसकुस: घरी आणि डोंगरावर

पाकीट उघडलंत की आधी साबुदाणाच आठवेल. दिसायला तसाच, पण हा गहू आहे. रवा-पिठाचे दाणे यंत्रातून पाडून भट्टीत भाजलेले असतात. काही दाणे जरा तपकिरी दिसतात ते त्यामुळेच, माल जुना म्हणून नव्हे. तेव्हा उपासाला हा चालणार नाही आणि ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांनाही नाही. आणि कृपा करून रात्री भिजत घालू नका. आमच्या एका गिऱ्हाईक ताईंनी खिचडीसाठी भिजवला, सकाळी पातेल्यात चिकट गोळा!

इस्रायलमध्ये याला ‘प्तितिम’ म्हणतात. 1950 च्या दशकात तिथे तांदळाची टंचाई होती. पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांच्या सांगण्यावरून ओसेम कंपनीने गव्हापासून भाताला पर्याय काढला. सुरुवातीला आकारही तांदळाचाच होता, गोल दाणा नंतर आला. लोक त्याला ‘बेन-गुरियन तांदूळ’ म्हणायचे.

घरी करताना एका वाटीला दीड वाटी पाणी. चमचाभर तेलावर दाणे आधी परता, खमंग वास सुटेपर्यंत. घाई करून ही पायरी गाळू नका, दाणा मोकळा राहतो तो इथेच. मग आधणाचं पाणी आणि मीठ घाला, झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. पाणी आटलं की गॅस बंद करून पाच मिनिटं वाफ जिरू द्या, मग काट्याने मोकळं करा. दाणा चावताना किंचित लवचिक लागला पाहिजे, शेवयांसारखा मऊ नको. मोहरी, कढीपत्ता, शेंगदाण्याची फोडणी छान बसते. काकडी-टोमॅटो, लिंबू घालून गारही खातात. आम्हाला विचाराल तर फोडणीचाच बरा.

ट्रेकला माणशी 80 ग्रॅम धरा. दाणे घरीच कोरडे भाजून गार करा आणि मीठ, हळद, जिरेपूड, तळलेला सुका कांदा घालून पिशवीत भरा. तेल छोट्या बाटलीत वेगळं. वर गेल्यावर पाण्याला उकळी आणून पिशवी रिकामी करा, चार मिनिटं उकळा आणि स्टोव्ह बंद. झाकलेलं पातेलं टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं विसरून जा. दाणा आपल्या उष्णतेवर शिजतो, गॅस वाचतो. सह्याद्रीत हे हमखास जमतं; कळसूबाईसुद्धा 1646 मीटरच. हिमालयात साडेतीन-चार हजार मीटरवर मात्र पाणी 87-88 अंशांनाच उकळतं, तिथे उकळायची वेळ दुप्पट धरा.

पातेलं गडावरच्या टाक्यात बुडवून धुऊ नका, तेच पाणी मागून येणारे पितात. पाणी बाहेर काढून, लांब जाऊन धुवा.

उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात डब्याचं झाकण खास तपासा.