घग

घग : एखाद्या मुलीवर पुरुषाने गावासमोर परस्पर हक्क सांगण्याची पश्तून (पठाण) टोळ्यांतील प्रथा. पश्तोत ‘घग’ म्हणजे आवाज, हाक. पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतातील वझिरिस्तान, बन्नू, लक्की मरवत, टांक या दक्षिणेकडच्या डोंगराळ आणि लगतच्या भागात ती विशेष आढळते. मुलीची संमती तर सोडाच, तिच्या बापाचा होकारही इथे लागत नाही.

माणूस मुलीच्या घरासमोर येतो, हवेत गोळ्या झाडतो आणि ‘अमक्याची मुलगी माझी’ असे ओरडून सांगतो. कधी हुजऱ्यात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या घरात, चारचौघांसमोर हे बोलले जाते. कधी नुसता निरोप धाडला तरी पुरते. या मुलखात घरांना उंच मातीच्या भिंती असतात. अंगणात काम करणाऱ्या मुलीला बाहेर कोण उभे आहे ते दिसत नाही. आधी बंदुकीचा बार ऐकू येतो आणि मागोमाग स्वतःच्या बापाचे नाव. तिचे नाव कुणी घेतच नाही, कारण परक्या बाईचे नाव चारचौघांत उच्चारणे बेअब्रूचे मानतात. तिच्या आयुष्याचा निकाल लागतो, पण त्यात तिचे नावसुद्धा नसते.

त्या दिवसापासून मुलीला स्थळे येणे थांबते. तिला मागणी घालणे म्हणजे आवाज देणाऱ्याशी वैर पत्करणे, आणि पश्तूनवलीत (पश्तूनांच्या अलिखित आचारसंहितेत) वैर पिढ्यानपिढ्या चालते. ज्याच्याशी बोलणी होत आली होती तो मुलगाही बहुधा मागे सरतो. त्याला भेकड म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या हट्टापायी उद्या त्याचा भाऊ मारला जाऊ शकतो, हे दोन्ही घरे जाणून असतात. आवाज देणारा स्वतः मात्र मोकळा असतो. तो दुसरीशी लग्न करतो, त्याला मुलेबाळे होतात, आणि इकडे ‘त्याची’ म्हणून ठरलेली बाई माहेरीच म्हातारी होते. सक्तीच्या लग्नाइतकीच ही सक्तीची कुमारिकावस्था क्रूर आहे, आणि ती डोळ्यांवर येत नाही म्हणून अधिक टिकते.

यामागे प्रेम क्वचितच असते. मागणी नाकारल्याचा राग, मुलीच्या भावांशी जुने भांडण, वलवर (वराकडून वधूपित्याला मिळणारी रक्कम) कमी करून घेण्याचा डाव, अशी कारणे असतात. चुलतभावाचा हक्क हे आणखी एक. पश्तोत चुलतभावाला ‘तरबूर’ म्हणतात, आणि त्यावरून आलेल्या ‘तरबूरवली’ या शब्दाचा अर्थ भाऊबंदकी असाच आहे. वाटणीच्या जमिनीवरून जी चुरस चालते तीच घरातल्या मुलीवरूनही चालते. खुनाच्या भरपाईत मुलगी देण्याची ‘स्वरा’ आणि साट्यालोट्याची ‘बदल’ या प्रथा घगच्या सख्ख्या बहिणीच म्हणायला हव्यात.

या मुलखातल्या बायका मुक्या मात्र राहिलेल्या नाहीत. टप्पा किंवा लंडई हे दोन ओळींचे पश्तो लोकगीत मुख्यतः बायकांनीच रचले आणि जपले. पहिल्या ओळीत नऊ अक्षरे, दुसरीत तेरा, आणि रचणारीचे नाव कुठेच नाही. (हिंदुस्थानी संगीतातला टप्पा वेगळा.) ओळख लपलेली असल्यामुळेच त्यात नकोशा, म्हाताऱ्या नवऱ्याला उघड शिव्या असतात, प्रियकराला बोलावणे असते, आणि ‘बेलतून’, म्हणजे ताटातूट, तर पदोपदी येते. ‘गुदर’ हा पाणवठाही त्यात सारखा भेटतो. बायकांना घराबाहेर पडण्याचे ते एक हक्काचे निमित्त, आणि डोक्यावर घागर घेऊन परतताना कुणाला तरी क्षणभर पाहून घेण्याची तीच एक जागा. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईने ओवीत जे मन मोकळे केले, त्याच्याशी हे ताडून पाहावे. तिथे दळणाला पहाट होती, इथे पाण्याला संध्याकाळ.

युसुफझाई पश्तूनांत सांगितली जाणारी आदम खान आणि दुरखानई यांची कथा याच दुःखाची आहे. तो रबाब वाजवणारा. तिचे लग्न तिच्या मनाविरुद्ध दुसऱ्याशी लावले जाते आणि दोघेही झुरून मरतात. त्यांच्या कबरीवरच्या झाडाच्या काडीने रबाब छेडला तर हाताला सूर येतो, अशी वादकांची श्रद्धा सांगतात. मेलेल्या प्रेमिकांना जो समाज इतके मानतो, तोच जिवंतपणी त्यांच्या वाटेत बंदूक धरून उभा राहतो. टप्पे रचणाऱ्या बायकांना ही विसंगती कुणी समजावून सांगावी लागली नाही.

प्रथा टिकण्यात राज्यव्यवस्थेचाही हात आहे. 1893 च्या ड्युरंड रेषेने, म्हणजे आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तान सरहद्दीने, पश्तून मुलूख दोन राज्यांत विभागला. पुढे 1901 च्या सरहद्द गुन्हे नियमावलीने ब्रिटिशांनी टोळ्यांचा न्याय पोलिटिकल एजंट (टोळी भागावर नेमलेला सरकारी अधिकारी) आणि जिरगा यांच्यावर सोपवला. जिरगा म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषांची पंचायत. तिथे बाई ना पंच म्हणून बसे, ना फिर्यादी म्हणून. पाकिस्तान झाल्यावरही ही नियमावली चालूच राहिली आणि 2018 मध्ये टोळी भाग प्रांतात विलीन झाला तेव्हाच ती गेली.

खैबर पख्तुनख्वा विधानसभेने 2013 मध्ये घगच्या उच्चाटनाचा स्वतंत्र कायदा केला. त्याची व्याख्या विचारपूर्वक केलेली दिसते. बोलून, लिहून, खुणेने किंवा नुसते सूचित करूनही एखाद्या स्त्रीवर असा हक्क सांगणे आणि इतरांना तिच्या मागणीपासून रोखणे हा गुन्हा ठरतो. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड. गुन्हा अजामीनपात्र असून त्यात आपसांत तडजोड करता येत नाही. निकाहाला मुलीचा ‘कबूल’ आवश्यक असल्याने इस्लामी शरियतीतही या प्रथेला आधार नाही.

तरीही पोलिसांत जाणे सोपे नसते. फिर्याद द्यायला बापाला किंवा भावालाच जावे लागते. गेला तर सगळ्या गावासमोर वैर जाहीर होते, आणि संध्याकाळी त्याला त्याच रस्त्याने, त्या माणसाच्या दारावरून घरी परतायचे असते.