पाच मिनिटांत बुटीबोरी
नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, लहानपणापासून त्या गेटसमोरून गेलोय, पण आत जाऊन रडार वगैरे बघायला थोडीच भेटते. ते बघायला भेटलं थेट इंग्लंडात, ताईकडे गेलो तेव्हा, नॉरफोकमधल्या नीटिसहेडच्या रडार म्युझियममध्ये. दुसऱ्या महायुद्धातली, 1942 ची ऑपरेशन्स बिल्डिंग आहे ती.

मला वाटलं होतं गोलगोल फिरणारी ताटली दिसेल, पण ब्रिटिशांचं सुरुवातीचं चेन होम रडार फिरतच नव्हतं बाप्पा, 110 मीटर उंच लोखंडी टॉवर नुसते उभे आणि रेडिओ लहरी समुद्राकडे सोडत राहायचे. विमानाला आपटून लहर परत आली की लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं, बस. लहर सेकंदाला 3 लाख किमी धावते, म्हणजे विमान 150 किमीवर (नागपूरहून सरळ रेषेत अमरावतीच्या थोडं पुढे) असेल तर जाऊन-येऊन फक्त 1 मिलिसेकंद!

पण खरी गोम पुढे आहे. मशीनने मिलिसेकंदात सांगितलं तरी माणसांना वेळ लागतोच ना, ऑपरेटर आकडे वाचणार, फोनवर कळवणार, फिल्टर रूममध्ये कोणाचा रिपोर्ट खरा ते ठरणार, मग कुठे दुसऱ्या खोलीतल्या मोठ्या टेबलावरच्या नकाशावर मुली लांब काठीने बाण सरकवणार. तेवढ्यात ताशी 300 किमीने येणारं विमान मिनिटाला 5 किमी पुढे गेलेलं असतं. पाच मिनिटं उशीर म्हणजे ते नागपुरातल्या सीताबर्डीवर दाखवतंय आणि खरं 25 किमीवरच्या बुटीबोरीला पोचलंय.

उशीर तर टाळता येत नव्हता, म्हणून भिंतीवरच्या घड्याळात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे त्रिकोण रंगवले. मिनिटकाटा ज्या रंगावर त्याच रंगाचा बाण टेबलावर ठेवायचा, म्हणजे काटा निळ्यावर गेला आणि बाण अजून लालच दिसतोय तर वरून बघणाऱ्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळणार की ही माहिती शिळी झाली. ना कॉम्प्युटर, ना काही, नुसता रंगाचा डबा! मला तर टॉवरपेक्षा हे घड्याळच जास्त हुशार वाटलं, भाऊजी बिचारे बाहेर गाडीत वाट बघत बसले आणि मी तिथेच उभा.

आता पावसाळ्यात फुटाळ्याला जायच्या आधी हवामान खात्याच्या नागपूर रडारचा फोटो मोबाइलवर उघडला की ढगांचे रंग नंतर बघतो, आधी कोपऱ्यातली वेळ.