तालमीचा हॉल उघडायचाय? परवानगीचा कागद शोधत हिंडू नका

डिसेंबर २०२१ मध्ये, कोविडचे निर्बंध असताना, नाटकाच्या तालमीचे हॉल चालवणाऱ्या चौघांचे पंधरा दिवसांत फोन आले. (ते निर्बंध एप्रिल २०२२ मध्ये उठले; खालचे नियम आणि सल्ला त्या वेळचा.) चौघांचा प्रश्न एकच : "हॉल पुन्हा उघडायच्या परवानगीचा अर्ज कुठे मिळतो?" त्यातला एक जण एका कार्यालयात तीन टेबलं फिरला, तिथून चौकीत गेला आणि चौकीतून पुन्हा त्याच पहिल्या टेबलाशी आला. तिथल्या साहेबांनी त्याला "वरून काही आलेलं नाही" असं सांगितलं. साहेब खरं बोलत होते, फक्त अर्धंच.

राज्य सरकारच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या कोविड आदेशात तालमीच्या जागेसाठी वेगळा अर्ज नव्हता. एका वेळी हजाराहून जास्त माणसं जमणार असतील, तर स्थानिक आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला कळवावं लागत होतं. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या माडीवर हजार माणसं चढली, तर आधी माडीच खाली येईल. म्हणजे आपल्याला कोणी शिक्का देणार नव्हतं. अटी पाळायच्या आणि कोणी तपासायला आलं तर त्या पाळल्याचं दाखवता आलं पाहिजे, एवढंच. खालचे सगळे कागद त्यासाठी आहेत.

पहिली अट लसीची होती. हॉल चालवणारा, झाडू मारणाऱ्या मावशी, नट, प्रकाशयोजनावाला, तालीम बघायला येणारे मित्र, सगळ्यांचं लसीकरण पूर्ण हवं होतं. कार्यक्रम तिकिटाचा असो वा फुकटचा, फरक नव्हता. सगळ्यात जास्त गोंधळ "पूर्ण" या शब्दाचा व्हायचा. दुसरा डोस घेतला की झालं, असं पोरांना वाटायचं. तसं नव्हतं. दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटावे लागायचे. त्यात कोविशील्डच्या दोन डोसांमध्ये तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं. ज्याने पहिला डोस १ ऑक्टोबरला घेतला, त्याचा दुसरा २४ डिसेंबरच्या आधी होतच नव्हता आणि तालमीला तो ७ जानेवारीला येणार होता. कोव्हॅक्सिनवाल्यांचं २८ दिवसांत भागायचं. एकांकिकेची पात्रयोजना ठरवण्याआधी ही तारीख विचारून घ्या. एका संघाचा नायक डोस घेऊन चौथ्या दिवशी दारात उभा होता. परत पाठवताना माझाच जीव कासावीस झाला, पण पाठवला.

अठरा वर्षांखालच्यांना ही अट नव्हती. त्यांनी शाळेचं किंवा सरकारी, फोटो असलेलं ओळखपत्र आणायचं होतं. बालनाट्यवाल्यांनी हे पालकांना आधीच कळवा, कारण शाळा ऑनलाइन होती त्या काळात प्रवेश घेतलेल्या कितीतरी मुलांना ओळखपत्र मिळालेलंच नाही. मुलाचं आधार कार्ड चालायचं. वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल, तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र असं दोन्ही लागायचं. नुसती "मला ॲलर्जी आहे" ही तोंडी माहिती चालत नव्हती.

पुरावा म्हणून लस पूर्ण झालेल्यांना मिळणारा राज्य सरकारचा युनिव्हर्सल पास ग्राह्य होता. तो नसेल तर कोविन या लसनोंदणीच्या संकेतस्थळावरचं प्रमाणपत्र आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र. घोडं अडायचं ते मोबाइल नंबरवर. घरातल्या चौघांची नोंदणी एकाच नंबरवर, तो नंबर काकांचा, काका साताऱ्याला, आणि ओटीपी काकांच्या फोनवर. तालमीच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला काका फोन उचलत नाहीत, हा माझा अनुभव आहे. प्रमाणपत्राची प्रत आधीच डाउनलोड करून ठेवायला सांगा. नावात चूक असेल तर कोविनवरच दुरुस्तीची सोय होती, पण दुरुस्ती एकदाच करता यायची. घाईत दुसरी चूक करून ठेवू नका.

आता तो कागद, जो कोणाकडेच नाही : क्षमतेचा. बंदिस्त जागेत क्षमतेच्या ५० टक्के माणसं, असा नियम होता. बालगंधर्व किंवा भरत नाट्य मंदिरात खुर्च्या मोजता येतात. आपल्याकडे सतरंजी असते. सतरंजीची क्षमता कोणी ठरवलेली नाही, आणि "आमच्याकडे साठ माणसं मावतात" हे गणेशोत्सवातल्या गर्दीवरून सांगू नका. मी सुचवतो तो मार्ग असा : हॉलची लांबी-रुंदी टेपने मोजा. माणसामाणसात सहा फूट अंतर ठेवायचं, म्हणजे माणशी ६ गुणिले ६, छत्तीस चौरस फूट. वीस बाय तीसचा हॉल असेल तर ६०० चौरस फुटांत सोळा जण. नेपथ्याच्या लेव्हल्स, म्हणजे चौथरे, भिंतीला लावून ठेवल्या असतील तर तेवढी जागा वजा करा. आलेला आकडा, मोजमाप आणि तारीख एका कागदावर लिहून सही करा आणि दाराबाहेर लावा. हा सरकारी दाखला नव्हे. पण कोणी विचारलंच तर आकडा कुठून आला हे सांगता येतं, आणि सोळा हा आकडा आपल्या सोयीने काढलेला नाही हेही दिसतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आदेशाची प्रत छापून द्या, संबंधित ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून. त्यांना भीती असते, नियम माहीत नसतात. शॉप ॲक्टची पावती आणि भाडेकराराची झेरॉक्स फाइलमध्ये ठेवा.

दंडाचे आकडे भिंतीवर लावा, त्याने भाषण द्यायचं वाचतं. मास्क नसेल तर माणशी ५०० रुपये दंड होता. तोंडाला बांधलेला रुमाल मास्क धरला जात नव्हता, त्यालाही दंड होता. आलेल्यांकडून नियम पाळून घेतले नाहीत म्हणून हॉलला १०,००० आणि हॉलनेच नियम मोडले तर ५०,००० रुपये होते. दहा हजारांत माझ्या हॉलचं तीन महिन्यांचं वीजबिल निघतं.

खिडक्या उघडा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आपण वर्षानुवर्षं त्या गाद्या आणि पुठ्ठे ठोकून बंद केल्यात, आणि मोठ्याने म्हटलेली वाक्यं, गाणी नेमकी त्याच बंद हवेत साठतात. शेजारी तक्रार करतील. तालीम रात्री नऊच्या आत संपवा, बिल्डिंगमध्ये एकदा पेढे वाटा. एसी लावायचाच असेल तर २४ ते ३० अंशांवर ठेवा आणि एखादी खिडकी तरीही उघडी राहू द्या. फरशीला एक टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण, चालतं, पण कपडेपटाजवळ नको, शालूवर पांढरे डाग पडतात. बाथरूमच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. तबल्याच्या पुडीला सॅनिटायझर लावू नका, वाजवणाऱ्याच्या हाताला लावा. विग आणि रंगाचे ब्रश ज्याचे त्याने आणावेत.

आलेल्यांचं रजिस्टर ठेवा : नाव, फोन, वेळ.

जिल्हा प्रशासनाला हे निर्बंध आणखी कडक करता यायचे, सैल करता येत नव्हते. कडक करायचे तर ४८ तास आधी जाहीर सूचना द्यावी लागायची, म्हणजे हाताशी दोनच दिवस. कोविडचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार तेव्हा पिंपरी-चिंचवडपर्यंत येऊन ठेपला होता. म्हणून सल्ला असा : जानेवारी २०२२ च्या तारखांचं पूर्ण भाडं आगाऊ घेऊ नका, आणि घेतलंच तर तालीम रद्द झाल्यास पैसे परत कसे मिळतील ते पावतीवरच लिहून द्या.